शुक्रवारची मिळकत, सोमवारची मिळकत

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे भावंडे समुद्रातल्या एका लहानशा बेटावर चार दिवस राहून आलो. आमच्या घराण्यात असा प्रवास याआधी कुणी केला नव्हता. आमच्याकडे प्रवास म्हणजे लग्न, मयत, उरूस आणि नशिबात असेल तर हज. नुसते पाहायला म्हणून कुठे जावे, आणि तेही आपाला घेऊन, याचे गल्लीत सर्वांना नवल वाटले. "बायको-मुलांना घरी ठेवून बहिणीला घेऊन चाललात?" असे एकदोघांनी विचारलेही. आम्ही हसून वेळ मारून नेली. या प्रवासातून आपण काय घेऊन येणार आहोत, हे तेव्हा आम्हालाही माहीत नव्हते.

आपा आमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. अम्मी अल्लाहला प्यारी झाली तेव्हा आम्ही दुसरीत होतो आणि आपा सातवीत. त्या दिवसापासून आपाची शाळा सुटली ती सुटलीच. वालिद साहेब शेतात, आपा चुलीशी आणि आम्ही शाळेत, अशी घरातली कामे वाटली गेली. विहिरीवरून घागरी भरभरून आणणारी आपा रात्री कंदिलाजवळ बसायची. आम्ही धडा मोठ्याने वाचायचो, ती ऐकायची. आम्ही दहावी पास झालो, तेव्हा कुठे तिने लग्नाला होकार दिला. पुढे आम्ही बी.एड. झालो, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवू लागलो. चार वर्षांपूर्वी दूल्हेभाईंचा इंतकाल झाला. तेव्हापासून आपा लातूरकडे मुलाच्या घरी असते.

गेल्या रमजान ईदला ती आमच्याकडे आली होती. टीव्हीवर समुद्र दिसला तेव्हा ती सहज म्हणाली, "बाबू, एवढं पाणी एका जागी असतं तरी कसं? एकदा पाहायला पाहिजे." सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात वाढलेल्या बाईला पाण्याचे अप्रूप असणारच. त्याच रात्री आम्हाला आमच्या एका जुन्या दोस्ताची आठवण झाली.

परवाना आणि जहाज

काही वर्षांपूर्वी दिल्लीत शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरचे एक शिक्षक आमच्या खोलीत होते. फजरला दोघेही उठणारे, म्हणून लवकर सूत जुळले. ईदच्या शुभेच्छा दरवर्षी यायच्या आणि प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेले असायचे: "बेटावर या."

लक्षद्वीपला मनात आले आणि निघालो असे होत नाही. तिथे जायला परवाना लागतो. एकतर सहलीबरोबर जायचे, नाहीतर बेटावरच्या कुणीतरी आपली हमी घ्यायची. आमच्या दोस्तांनी हमी घेतली. कागद जमवण्यात दोन महिने गेले. शेवटी सोलापूरहून कन्याकुमारीकडे जाणारी गाडी पकडून दुसऱ्या दिवशी एर्नाकुलमला उतरलो आणि कोचीच्या धक्क्यावरून जहाजात बसलो.

आपाने समुद्र पाहिला तो जहाजाच्या डेकवरून. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मगरिबची नमाज झाल्यावर म्हणाली, "याला तर काठच नाही रे." रात्री जहाज हलू लागले तशी तिला मळमळ सुटली. आम्ही लिंबू दिले, तिने तस्बीह हातात घेतली, आणि फजरपर्यंत कशीबशी रात्र गेली.

लक्षद्वीपची मिळून ३६ बेटे. त्यांतल्या फक्त १० बेटांवर वस्ती. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. म्हणजे आमच्या एका बार्शी शहरात याच्या जवळपास दुप्पट माणसे राहतात. शंभरातली ९६ माणसे मुसलमान. बोली मल्याळमची, तिला जेसरी म्हणतात. फक्त दक्षिणेकडच्या मिनिकॉय बेटावर महल ही मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी भाषा आहे.

इथे इस्लाम कसा आला याची कथा तिथले प्रत्येक मूल सांगते. हजरत उबैदुल्लाह नावाचे बुजुर्ग अरबस्तानातून निघाले, त्यांचे गलबत वादळात फुटले आणि ते या बेटांना लागले, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यांची मजार आंद्रोत बेटावर आहे. तलवार घेऊन कुणी आले नाही. फुटलेल्या गलबतावरून एक माणूस आला, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

खाऱ्या पाण्यात गोडी विहीर

कल्पेनी जवळ आले तसा पाण्याचा रंग बदलला. गडद निळा संपून फिकट हिरवा सुरू झाला, आणि त्या दोहोंच्या मध्ये पांढऱ्या फेसाची एक लांब ओळ. ते प्रवाळाचे कडे. भूगोलात आपण 'कंकणद्वीप' हा शब्द पाठ करतो. त्या शब्दातले कंकण आम्हाला त्या दिवशी दिसले. प्रवाळाच्या कड्याआत पाणी उथळ असल्यामुळे मोठे जहाज बाहेरच थांबते. तिथून छोट्या होडीत उतरायचे. आपाचे गुडघे दुखणारे. दोन खलाशांनी तिचे दोन्ही हात धरले, 'उम्मा, उम्मा' म्हणत अलगद होडीत बसवले. उम्मा म्हणजे आई.

कल्पेनी बेट तीन चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाही. सकाळी एका टोकाकडून चालायला लागावे, तर नाश्त्यापर्यंत दुसरे टोक येते. जिकडे पाहावे तिकडे नारळ. अरुंद रस्ते, सायकली, स्कूटर, पांढऱ्या वाळूची अंगणे आणि थोड्या थोड्या अंतरावर मशीद. कुत्रे एकही दिसले नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर कुत्रे नाहीतच. पहिल्या रात्री इतकी शांतता होती की आपा म्हणाली, "अजानीआधी जाग येईल की नाही कोण जाणे. गावात तर कुत्रीच उठवतात."

पूर्वेच्या किनाऱ्यावर वाळूऐवजी प्रवाळाच्या दगडांचे बांधच्या बांध पडलेले आहेत. १८४७ साली मोठे वादळ आले, समुद्र बेटावरून वाहून गेला आणि त्याने हे दगड वर आणून टाकले. कितीतरी माणसे वाहून गेली. जी वाचली त्यांतलीही काही पुढे उपासमारीने गेली. पावणेदोनशे वर्षे झाली तरी ते दगड तिथेच आहेत, आणि लोक त्या बाजूला बोट दाखवून कालच घडल्यासारखे सांगतात.

आपाला सगळ्यात नवल वाटले ते विहिरीचे. आम्ही उतरलो त्या घराच्या परसात एक उथळ विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर. आपाने बादली टाकली, ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि आमच्याकडे पाहत म्हणाली, "गोडं आहे!" घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने हिंदीत समजावले. पावसाचे पाणी वाळूतून खाली मुरते. ते समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. बेटाच्या पोटात अशी गोड्या पाण्याची पातळ थाळी असते. गरजेपुरते काढले तर वर्षभर पुरते. मोटार लावून उपसा केला की खालचे खारे वर येते. जिथे हे पाणी पुरत नाही तिथे आता यंत्राने समुद्राचे पाणी गोडे करतात. कवरत्ती बेटावर असा प्रकल्प २००५ मध्ये सुरू झाला. आपाने ऐकून घेतले आणि वुजूला तांब्याऐवजी अर्धा तांब्या पाणी घेऊ लागली.

यजमान रात्री कुठे जातात?

आमचे यजमान आम्हाला धक्क्यावरून घरी घेऊन आले तेव्हा म्हणाले, "हे माझे घर." घरात त्यांची अम्मी, दोन बहिणी, बहिणींची मुले. जेवायला भात, नारळाच्या रसातली टूना मासळी आणि शेवटी नारळाचा कीस गुळात शिजवून केलेले लाडू, सुकलेल्या केळीच्या पानात बांधलेले. पुरुष बाहेरच्या पडवीत जेवले, आपा आत बायकांमध्ये.

इशाच्या नमाजनंतर यजमानांनी टॉर्च घेतली, सलाम केला आणि निघून गेले. आम्हाला वाटले, काही काम असेल. सकाळी फजरला मशिदीत भेटले, आमच्याबरोबर घरी आले, चहा घेतला. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी न राहवून आम्ही विचारले, "भाई, रात्री तुम्ही जाता कुठे?"

ते हसले. "बायकोच्या घरी. मुले तिकडेच असतात ना."

मग त्यांनी सगळे उलगडून सांगितले. बेटावर घराण्याला तरवाड म्हणतात. तरवाड आईच्या बाजूने चालते. आई, तिच्या मुली, मुलींची मुले, हे सगळे एका तरवाडचे. माणसाच्या नावाआधी घराचे नाव लावतात, आणि ते घर आईचे असते. मुलीचा निकाह झाला तरी ती घर सोडत नाही. नवरा रात्री तिच्या घरी येतो, दिवसा आपल्या आईच्या घरी जातो, तिथल्या शेताची, होडीची, भाच्यांची जबाबदारी पाहतो. आता हे पूर्वीइतके राहिलेले नाही. नोकरदार जोडपी वेगळी घरे बांधून एकत्र राहतात. पण आमच्या यजमानांच्या पिढीत अजून कितीतरी टॉर्च इशानंतर नारळीच्या बागांतून इकडून तिकडे जाताना दिसतात.

हे लोक पूर्वी कन्नूरच्या अरक्कल घराण्याच्या सत्तेखाली होते. त्या मुसलमान राजघराण्यातही वारसा आईकडून चाले, आणि गादीवर बाई असली तर तिला बीवी म्हणत. १९०८ साली ही बेटे इंग्रजांच्या ताब्यात गेली तेव्हा अरक्कलच्या गादीवर एक बीवीच होती. म्हणजे वरपासून खालपर्यंत ही रीत होती.

आम्ही मास्तर माणूस. आम्हाला लगेच प्रश्न पडला, "पण शरियतप्रमाणे वारसा तर असा नाही."

"म्हणून तर आमच्याकडे दोन वार आहेत," यजमान म्हणाले.

दोन वारांची मिळकत

बेटावर मिळकतीचे दोन प्रकार. एकीला 'वेळ्ळियाळ्चा' म्हणजे शुक्रवारची मिळकत म्हणतात. ही तरवाडची, पूर्वजांकडून आलेली. ती आईच्या वंशाने पुढे जाते. मुलग्यांना हयात असेपर्यंत तिच्यातून खायचा हक्क आहे, पण त्यांच्या मुलांना ती जात नाही. दुसरी 'तिंगळाळ्चा' म्हणजे सोमवारची मिळकत. माणसाने स्वतः कमावलेली. ती त्याच्यामागे शरियतप्रमाणे वाटली जाते: बायकोला, मुलाला, मुलीला, ज्याचा जो हिस्सा असेल तो.

कोणती जमीन शुक्रवारची आणि कोणती सोमवारची, यावरून तिथे वादही होतात, कोर्टापर्यंतही जातात. शुक्रवारची रीत शरियतच्या वाटणीशी जुळत नाही, असे म्हणणारे लोकही बेटावर आहेत. ते वाद सोडवणे आमचे काम नाही. पण एक गोष्ट आम्हाला तिथे बसल्या बसल्या उमगली. त्या बेटावर मुलगी कोणत्याही वारी रिकाम्या हाताने राहत नाही. शुक्रवारी घर तिचे, सोमवारी हिस्सा तिचा.

कल्पेनीच्या या रीतीवर समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांचे एक पुस्तक आहे. दुबे या मराठी घरातल्या. गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या भगिनी. १९६९ साली निघालेल्या 'मॅट्रिलिनी अँड इस्लाम' या इंग्रजी पुस्तकात त्यांनी हाच शोध घेतला आहे, की आईकडून चालणारे घराणे आणि इस्लाम एका अंगणात कसे नांदतात.

आणखी एक गोष्ट यजमानांनी आपाला मुद्दाम सांगितली. मुलींनी शाळेत जाणे लक्षद्वीपमध्ये वाईट समजले जाई, तेव्हा सगळ्यात आधी कल्पेनीच्या मुली शाळेत गेल्या. आपा त्यावर काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेसमोरून जाताना ती थांबली. गणवेशातल्या, डोक्यावर ओढण्या घेतलेल्या मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. त्यातली शेवटची मुलगी दिसेनाशी होईपर्यंत आपा तिथेच उभी होती.

"तुझं घर कोणतं?"

ही गोष्ट तिसऱ्या संध्याकाळची. आम्ही पडवीत बसलो होतो. आत बायका नारळाच्या काथ्याजवळ बसल्या होत्या. यजमानांची उम्मा ऐंशीच्या आसपासची. तिची भाषा आपाला येत नाही, आपाची तिला येत नाही. पण तीन दिवस दोघींचे बरे चालले होते. उम्मा काथ्या वळून दाखवायची, आपा मांडीवर वळून पाहायची. कॉलेजची नात मधे हिंदीत सांगायची.

उम्माने काहीतरी विचारले. नातीने सांगितले, "दादी विचारते आहे, तुमच्या घराचं नाव काय?"

"आमच्याकडे घराला नाव नसतं," आपा म्हणाली.

उम्माने पुन्हा विचारले. नात म्हणाली, "नाव नसू दे. तुमचं घर कोणतं, ते विचारते. जिथून तुम्हाला कुणी काढू शकत नाही ते."

आत बराच वेळ कुणी बोलले नाही. आम्ही पडवीत हातातला चहा तसाच धरून बसलो. आपा काय सांगणार? गावातले घर आमच्या नावावर. दूल्हेभाईंचे घर मुलाच्या नावावर. ज्या घरात तिने सातवीत चूल हातात घेतली, त्या घरी ती आता ईदला पाहुणी म्हणून येते आणि चार दिवस झाले की पिशवी भरू लागते.

शेवटी आपा म्हणाली, "सोलापूर."

नातीने तेच उम्माला सांगितले. म्हातारीने मान हलवली. तिला ते घराचे नाव वाटले असेल.

एक साडी

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवत राहिली.

वालिद साहेबांची तीन एकर जमीन, तिच्यात ती विहीर. वारस आम्ही दोघेच, एक मुलगा आणि एक मुलगी. हिशेब सोपा होता. सूरह निसामध्ये मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, असे स्पष्ट सांगितले आहे. दोन एकर आमची, एक एकर आपाची. सहावीतले पोर हा हिशेब करील. जमिनीच्या कामासाठी आमच्यासारखे सुशिक्षित, पाच वेळचे नमाजी, शाळेत मुलांना इन्साफवर निबंध लिहायला लावणारे मास्तर काय करतील? आम्ही चाळिसावा झाल्यावर हक्कसोडपत्र तयार करून आणले. गावात सगळे तेच करतात. "बहिणीनं हिस्सा घेतला तर माहेर तुटतं," असे सगळे म्हणतात. आपाला आम्ही तालुक्याला घेऊन गेलो. तिने सही केली. तिला तिची सही फार आवडते, सावकाश, एकेक अक्षर जोडून करते. बाहेर आल्यावर आम्ही तिला एक चांगली साडी घेऊन दिली. चार लोकांनी आपाचे कौतुक केले, की बहीण असावी तर अशी. आमचेही कौतुक झाले, की भावाने बहिणीला रिकामे पाठवले नाही.

एका साडीत आम्ही एक एकर घेतली होती, आणि बारा वर्षे आम्हाला हे दिसले नव्हते.

कुणी म्हणेल, तिने राजीखुशीने सोडला. राजीखुशी कशाला म्हणायचे? वाटा आधी हातात यावा, त्यावर आपले नाव लागावे, आणि मग ज्याचा आहे त्याने मनात आले तर द्यावा. आमच्याकडे वाटा हातात येण्याआधीच सोडायचा कागद हातात येतो. मुलीचा हिस्सा अल्लाहने ठरवून दिलेला आहे, मिळकत थोडी असो की फार. तो भावाच्या मेहरबानीचा नाही. कल्पेनीची शुक्रवारची रीत आम्हाला उचलायची नाही. आमच्यावर फक्त सोमवारचे देणे होते, आणि तेही आम्ही दिले नव्हते.

परतीच्या जहाजावर

चौथ्या दिवशी निघालो. उम्माने आपाला काथ्याची एक दोरी दिली, दोघींनी मिळून वळलेली. होडीत बसताना आपा रडली नाही, पण बेट दिसेनासे होईपर्यंत बोलली नाही.

रात्री डेकवर आम्ही विषय काढला. शब्द जमवायला फार वेळ लागला.

"आपा, अब्बांच्या जमिनीतला तुझा एक एकर तुझ्या नावावर करायचाय."

"आता कशाला? दिला ना मी."

"तू दिला नाहीस. मी घेतला."

ती समुद्राकडे पाहत राहिली. मग जे बोलली ते आम्ही जन्मात विसरणार नाही.

"बाबू, तू तेव्हा एकदा तरी विचारलं असतंस, 'आपा, तुला पाहिजे का?' तर मी नकोच म्हटलं असतं. तुझ्या लेकरांसाठी दिला असता आनंदानं. पण तू विचारलंच नाहीस. कागद पुढे केलास, आणि बोट ठेवून दाखवलंस, इथे सही कर म्हणून."

आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "माफ तर त्याच दिवशी केलं होतं. नाहीतर दर ईदला आले असते का?" थोडा वेळ गेला. आम्हाला वाटले, आता ती म्हणेल, राहू दे, तुझ्याकडेच ठेव. आमच्या मनात कुठेतरी तशी आशाही होती. खोटे कशाला बोला. पण आपा म्हणाली, "कर मग. पण तोंडी नको. कागद कर. आणि विहिरीतल्या पाण्याचाही हिस्सा लिही. नुसत्या कोरड्या जमिनीला घेऊन मी काय करू?"

सातबारा

घरी आल्यावर वकिलांना विचारले. आधीचे हक्कसोडपत्र नोंदलेले, म्हणून आता आम्हीच आपाला बक्षीसपत्र करून द्यायचे ठरले. ज्याचे त्याला परत करताना कागदावर 'बक्षीस' लिहावे लागते, याची आम्हाला लाज वाटली, पण कायद्याचा रस्ता तोच होता. मोजणी झाली, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा लिहिला, तालुक्याला त्याच कार्यालयात पुन्हा गेलो. या वेळी सही आमची होती. आपा शेजारी खुर्चीत बसली होती. नंतर फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आपाचे नाव आले. तिने तो कागद चष्मा लावून वाचला, स्वतःचे नाव दोनदा, आणि घडी घालून कुराण शरीफच्या जुजदानाशेजारी ठेवला.

जमीन आम्हीच बटईने करतो. यंदाच्या सुगीला तिच्या वाट्याची ज्वारी पोत्यात भरून बाजूला काढली. आपा लातूरहून आली, बांधावर बसली, मजुरांना चहा दिला. ईदला येणारी पाहुणी आणि बांधावर बसलेली ती बाई, यांच्या बसण्यात फरक आहे. गावातून कुणी आले की आता ती म्हणते, "हे माझं."

आमच्या ज्या वाचक बंधूंच्या कपाटात असे एखादे हक्कसोडपत्र असेल, त्यांनी ते एकदा बाहेर काढून वाचावे, एवढीच विनंती. बहिणीला काय वाटेल, ती घेईल की नाकारील, हे तिचे तिला ठरवू द्यावे. आपण विचारले होते का, एवढेच आपण आठवून पाहावे. माहेर तुटते म्हणतात. आमचे तरी तुटले नाही.

घरात कुरबूर झाली नाही असे नाही. "आपल्यालाही दोन मुली आहेत, त्यांच्या लग्नाचं काय?" असे बेगम म्हणाल्या. चार दिवस त्या आमच्याशी मोजकेच बोलल्या. पाचव्या दिवशी रात्री जेवण वाढता वाढता त्यांनी विचारले, "माझ्या अब्बांची पाच एकर होती. आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. माझा वाटा किती होतो?"

आम्ही हिशेब केला. दोन भावांचे चार वाटे, तीन बहिणींचे तीन, एकूण सात. बेगमसाहेबांचा एक वाटा, म्हणजे २८ गुंठ्यांच्या थोडे वर.

त्यांनी पोळी ताटात टाकली आणि म्हणाल्या, "मग पुढच्या दिवाळीत माझ्या भावांनाही घेऊन जा त्या बेटावर."